जपानात नोकरी सांभाळून फोटोग्राफी : आधी एक रेल्वेमार्ग आपला करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : एप्रिलपासून कंपनी तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवते आहे, राहायची सोय निशी-कासाईला होते आहे, हाताशी एक कॅमेरा आणि तीन लेन्स आहेत. तर बरोबर काय आणावं, सुट्टीत कुठे जावं, आणि अनोळखी माणसांचे फोटो काढलेले तिकडे चालतात का? मी त्याच निशी-कासाईत चौदा वर्षं राहतोय. नोकरी सॉफ्टवेअरची, फोटोग्राफी हौसेची. शनिवार-रविवार आणि ऑफिसच्या आधीचा तास-दीड तास एवढ्या वेळात जे जमलं, ते सांगतो.

पहिली दोन वर्षं मीही ठिकाणांची यादी खिशात घेऊन फिरलो. क्योतोचं फुशिमी इनारी, फुजीसमोरचा तो लाल चुरेइतो पॅगोडा, कामाकुराचा बुद्ध. घरी येऊन फोटो लावून बघितले की प्रत्येक फोटो आधी कुठेतरी पाहिलेला वाटायचा. पर्यटक एकदा येतो आणि त्या दिवशी जो उजेड नशिबात असेल तो घेऊन जातो. तुम्ही तिथे राहणार आहात, त्याच जागी चाळीस वेळा जाऊ शकता. तीन वर्षांत तुमच्याकडे एवढी एकच गोष्ट अशी असेल जी पर्यटकाकडे नाही, आणि बहुतेक जण ती वाया घालवतात. म्हणून माझा आग्रह असा, की पहिलं वर्षभर एकच रेल्वेमार्ग आपला करा. तुमच्या नशिबाने तो फार चांगला आहे.

निशी-कासाईवरून जाणारी तोझाई लाइन नाकानो ते निशी-फुनाबाशी धावते, ३०.८ किलोमीटर, २३ स्टेशनं. ऑफिस ओतेमाची-निहोनबाशीच्या बाजूला असेल तर पास निशी-कासाईपासून तिथपर्यंत निघेल, आणि पासावर मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरून परत चढलं तरी जादा पैसे पडत नाहीत. ही सवलत फोटो काढणाऱ्यासाठी सोन्यासारखी आहे. मी आठवड्यातून दोनदा मोनझेन-नाकाचोला उतरतो. तिथे तोमिओका हाचिमान हे देवस्थान आहे, जवळच ओयोको नावाचा कालवा आहे, आणि गल्लीबोळात बारक्या खानावळी आहेत. सकाळी सात वाजता तिथे दुकानदार शटर वर करून दारापुढची फरशी धूत असतात. ओल्या फरशीवर आडवा उजेड पडतो तो जेमतेम वीस मिनिटं टिकतो. एका दिवसात तिथे काहीच हाती लागत नाही. दहाव्या-बाराव्या खेपेला मात्र कळायला लागतं, की कुठल्या भिंतीवर किती वाजता ऊन येतं, कोण कधी दार उघडतं, कुठलं मांजर कुठे बसतं.

आपल्याकडे शेतकरी पाऊस नक्षत्रांनी मोजतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. प्रत्येकाचा पाऊस वेगळा. जपानच्या जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ भाग आहेत, एकेक साधारण पाच दिवसांचा. त्यांची नावंही तशीच, निसर्गात काय घडतंय ते सांगणारी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे काव्य वाटलं होतं. एकाच कालव्यावर वर्षभर गेल्यावर पटलं, की पाच दिवसांत जागा खरोखर बदलते. वर्षभरात ओयोकोच्या एकाच छोट्या पुलावरून मी काढलेले फोटो ओळीने लावले, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हे माझे फोटो आहेत.

आता उजेडाचं गणित, कारण इथे येणारा प्रत्येक जण यात फसतो. जपानात सूर्य आपल्या सवयीच्या मानाने घड्याळात फार लवकर उगवतो आणि मावळतो. जूनमध्ये टोकियोत सूर्य पहाटे साडेचारच्या आधीच उगवतो आणि पहिली लोकल पाचच्या सुमाराला सुटते. म्हणजे गाडी नसणाऱ्याला उन्हाळ्यातला सूर्योदय घराजवळूनच बघावा लागतो. डिसेंबरात उलट. सूर्योदय पावणेसातला आणि सूर्यास्त साडेचारला. संध्याकाळ ऑफिसातच मावळते, पण सकाळ पूर्ण तुमची. त्यात हिवाळ्यात टोकियोची हवा कोरडी आणि स्वच्छ असते, फुजी दिसतो तो याच दिवसांत. उन्हाळ्यात दमट हवेत तो आठवडेच्या आठवडे गायब असतो. त्यामुळे लोक फोटोसाठी वसंताची वाट बघतात, तर मी डिसेंबर ते फेब्रुवारीची बघतो.

त्यासाठी लांब जायचीही गरज नाही. निशी-कासाईहून सायकलने समुद्राकडे निघालात की कासाई रिनकाई पार्क लागतं. तिथला ११७ मीटर उंचीचा पाळणा लांबूनच दिसतो. किनाऱ्यावर उभं राहिलं की स्वच्छ सकाळी पश्चिमेला फुजी असतो, आणि सूर्य वर येताना त्याच्या बर्फावर काही मिनिटं गुलाबी रंग चढतो. त्याला इथे बेनी-फुजी म्हणतात. पार्कासमोरच्या उथळ समुद्राला २०१८ साली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून दर्जा मिळाला, कारण हिवाळ्यात तिथे बदकांचे प्रचंड थवे उतरतात. पार्काच्या आतल्या तळ्यांकाठी निवृत्त आजोबा मंडळी घडीच्या स्टुलावर हातभर लांब लेन्स लावून बसलेली असतात. सगळे खंड्याची, त्यांच्या भाषेत कावासेमीची, वाट बघत. त्यांच्याशी ओळख करा. मला पक्ष्यांचं काहीही कळत नव्हतं तेव्हा त्यातल्याच एकांनी मला भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचायला शिकवलं, कारण पाणी उतरलं की पक्षी काठाजवळ येतात. त्याआधी वर्षभर रोज “ओहायो गोझाइमास”, म्हणजे सुप्रभात, एवढंच बोलणं होतं. एका सकाळी त्यांनी आपल्या शेजारची जागा हाताने दाखवली आणि स्टूल थोडं सरकवलं. जपानात ओळख अशी होते, हळू आणि न बोलता.

माणसांचे फोटो. तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं वाटतं. आपल्याकडे कॅमेरा दिसला की पोरं समोर येऊन उभी राहतात, दुकानदार स्वतःहून हसतो. इथे ते विसरायचं. आपल्या चेहऱ्यावर आपला हक्क असतो, ही कल्पना इथे खोलवर रुजलेली आहे. तिला शोझोकेन म्हणतात, आणि न्यायालयांनी १९६९ पासून ती मानली आहे. टीव्हीवरच्या बातम्यांतही मागून जाणाऱ्या लोकांचे चेहरे धूसर केलेले दिसतील. फोनच्या कॅमेऱ्याचंच बघा. जपानात विकलेल्या फोनचा शटरचा आवाज बंद करता येत नाही. तसा कायदा नाही. चोरून फोटो काढण्याला आळा बसावा म्हणून कंपन्यांनी स्वतःच पाळलेला तो नियम आहे. यावरून लोकांच्या मनात काय आहे ते समजून घ्या. लोकलच्या डब्यात समोरच्याचा फोटो अजिबात नाही. शाळकरी मुलांचा तर विचारही नाही. आई-वडिलांची परवानगी असल्याशिवाय मी आजवर एकाही मुलाचा फोटो काढलेला नाही.

मिनामी-सुनामाचीच्या पुढे तोझाई लाइन बोगद्यातून बाहेर येते आणि आराकावा नदीवरच्या एक किलोमीटरहून लांब पुलावर चढते. हिवाळ्यात सकाळी निशी-कासाईहून निघालं की याच पुलावर डाव्या खिडक्यांतून ऊन आडवं आत शिरतं आणि मिनिटभर सगळा डबा उजळतो. झोपलेले, पेपर वाचणारे, सगळे चेहरे. असा उजेड मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तरी त्या चेहऱ्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही आणि त्याची खंतही नाही. उभ्या प्रवाशांनी धरायच्या, वर टांगलेल्या कड्यांच्या सावल्या मात्र आहेत. डबा रिकामा असेल त्या दिवशी दरवाज्याच्या काचेवर झुलणाऱ्या.

मग माणसं कशी टिपायची? विचारून. “शाशिन ओ तोत्ते मो ई देसु का?”, म्हणजे फोटो काढला तर चालेल का, एवढं वाक्य पाठ करा. मोनझेन-नाकाचोजवळ एका गल्लीत सेनबेई भाजणाऱ्या आजी आहेत. सेनबेई म्हणजे तांदळाच्या पिठाची, सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजलेली चकती. त्यांचे हात मला पहिल्या दिवसापासून टिपायचे होते. मी चार महिने फक्त सेनबेई घेतली. मग एकदा विचारलं. त्या काही न बोलता आत गेल्या. मला वाटलं, नाराज झाल्या. त्या आल्या त्या धुतलेला, इस्त्रीचा पांढरा एप्रन बांधून. मला खरं तर पिठाने आणि काजळीने माखलेला रोजचा एप्रन हवा होता, पण मी ते बोललो नाही, कारण त्यांना स्वतःला कसं दिसायचं आहे हे ठरवायचा हक्क त्यांचाच. दहा-बारा फोटो काढले. कोपऱ्यावरच्या कोनबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानाच्या, मशिनवर त्यातला एक छापला आणि संध्याकाळी नेऊन दिला. आज तो गल्ल्याशेजारी चिकटवलेला आहे. त्यानंतर रोजच्या एप्रनमधले फोटोही मिळाले, त्यांनीच बोलावून. छापून देणं ही सवय लावून घ्याच. फोटो फोनवर पाठवला तर तो हरवतो. कागद हातात दिला की माणूस दोन्ही हातांनी घेतो.

गर्दीतले चेहरे हवे असतील तर मात्सुरी, म्हणजे देवळांचे उत्सव. पालखी खांद्यावर घेतलेल्या माणसाला आपला फोटो निघणार हे ठाऊक असतं. असाकुसाचा सांजा मात्सुरी मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी असतो, तिथे गर्दी अफाट. मला जवळचा वाटतो तो तोमिओका हाचिमानचा ऑगस्टमधला उत्सव. त्याचा मोठा सोहळा तीन वर्षांनी एकदा. २०२३ ला झाला, त्यानंतरची पाळी २०२६ ची. मिकोशी, म्हणजे खांद्यावरच्या देवपालख्या, रस्त्याने जाताना दुतर्फा उभे लोक बादल्यांनी आणि होजपाइपने पाणी उडवतात. लहानपणी पुण्यात लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत मी रात्र-रात्र उभा असायचो, त्यामुळे पहिल्यांदा तो “वाश्शोई, वाश्शोई”चा गजर ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. लय वेगळी आहे, पण खांद्यावर भार घेतलेल्या माणसाचा चेहरा तोच. कॅमेऱ्याला पावसाळी कव्हर घाला, शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या वर ठेवा म्हणजे पाण्याचे थेंब हवेत गोठतात, आणि लेन्स पुसायला दोन कोरडे रुमाल वेगळे ठेवा.

सामानाबद्दल थोडंच. तीनही लेन्स आणू नका. बॉडी आणा आणि ३५ किंवा ५० मिमीची एक छोटी लेन्स आणा. कोविडच्या आधी तोझाई लाइनच्या किबा ते मोनझेन-नाकाचो टप्प्यात गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली जायची. आज तेवढी नसली तरी सकाळच्या डब्यात मोठी बॅग म्हणजे दुसऱ्याला त्रास. ट्रायपॉड घरीच राहू द्या. देवळं, बागा, स्टेशनचे फलाट, उंच इमारतींचे गच्चीमजले, बहुतेक ठिकाणी तो चालत नाही. “सांक्याकु किनशी” म्हणजे ट्रायपॉडला बंदी आणि “सात्सुएई किनशी” म्हणजे फोटोलाच बंदी. या दोन पाट्यांची चित्रलिपी ओळखायला शिका. ड्रोनचा विचार असेल तर १०० ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी २०२२ पासून सक्तीची आहे, आणि टोकियोच्या दाट वस्तीवर परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही.

बाकी लागेल ते इथे जुन्या बाजारात घ्या. तुमच्याच लाइनीचं दुसरं टोक, नाकानो, जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. वापरलेल्या लेन्सवर दर्जाची चिठ्ठी असते, ए, एबी, बी अशी, आणि खाली बारीक अक्षरात दोष लिहिलेले असतात. ते जपानी दुकानदार प्रामाणिकपणे लिहितात. फोनवर भाषांतर करून वाचा. दोन गोष्टी सांभाळा. इथल्या बाजारासाठी बनलेल्या काही कॅमेऱ्यांचे मेन्यू फक्त जपानीत असतात, तेव्हा दुकानातच चालू करून बघा. आणि करमाफी पर्यटकांना मिळते, इथे नोकरी करणाऱ्याला नाही.

एक नुकसान माझं झालं ते तुमचं होऊ नये. पहिल्या पावसाळ्यात मी एक लेन्स भिंतीतल्या कपाटात, गादीच्या वर ठेवून दिली. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे त्सुयु असतो, संततधार आणि दमट. सप्टेंबरात लेन्स उजेडासमोर धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कोकणातल्या घरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही, पण इथे एसीच्या खोलीत राहून आपण विसरतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवणारी विजेची छोटी कपाटं मिळतात, नाहीतर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलही पुरतं. हिवाळ्यात उलटी काळजी : बर्फातून गरम खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, म्हणजे दव पिशवीवर बसतं.

आता लांबच्या फेऱ्या. सगळ्यात आधी ताकाओ. शिंजुकूहून केइओ लाइनने तासाभराच्या आत ताकाओसानगुची. डोंगर अवघा ५९९ मीटरचा, सिंहगडापेक्षा कितीतरी सोपा. डिसेंबरात दक्षिणायन संपताना, साधारण १७ ते २४ तारखेच्या दरम्यान, माथ्यावरून बघितलं की सूर्य नेमका फुजीच्या शिखरावर मावळतो. याला डायमंड फुजी म्हणतात. इतर ठिकाणांहून हा योग एखाद-दोन दिवसच येतो, कारण सूर्यास्ताची जागा रोज सरकते. ताकाओहून तो आठवडाभर टिकतो, कारण अयनदिनाच्या आसपास सूर्यास्ताची जागा जवळजवळ हलतच नाही. मी दर वर्षी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. हानक्यु म्हणतात तिला. जपानात राहणाऱ्या हौशी फोटोग्राफरचं सगळ्यात उपयोगी हत्यार. माथ्यावर गर्दी असते, थोडं पुढे मोमिजीदाईला जा. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ १६ ला, एक्स्पोजर आकाशाच्या चमकीवर धरून दोन स्टॉप खाली. सव्वाचारच्या सुमाराला सूर्य शिखराला टेकतो. त्यानंतर मोजून दोन-तीन मिनिटं. कड सोनेरी होते, मग शिखराच्या एका बिंदूतून किरण फुटतात, आणि शेकडो माणसं एकदम गप्प होतात. फक्त शटरचे आवाज. सूर्य गेला की सगळे निघतात, पण तुम्ही थांबा, कारण नंतरच्या वीस मिनिटांत फुजीची काळी आकृती आणि मागचं नारिंगी-जांभळं आकाश मला त्या हिऱ्यापेक्षा जास्त आवडतं. उतरताना मात्र मिट्ट काळोख होतो. डोक्याला लावायचा दिवा न्या आणि एक नंबरच्या डांबरी वाटेनेच खाली या, ती ३.८ किलोमीटर आहे.

जूनमध्ये कामाकुरा, आणि तीही पावसातच. मेइगेत्सु-इन आणि हासेदेराचे आजिसाई, म्हणजे हायड्रेंजियाचे निळे गुच्छ, उन्हात मरगळतात. पावसात त्यांचा निळा रंग दुप्पट होतो. कोनबिनीतली पारदर्शक प्लॅस्टिकची छत्री घ्या. डोक्यावर धरली तरी उजेड अडत नाही. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून पुन्हा हानक्यु.

फुजीच्या पायथ्याशी जरूर जा, पण एक गोष्ट मनात ठेवून. कावागुचिको गावात एका लॉसन दुकानाच्या मागे फुजी उभा दिसतो. त्या फोटोसाठी इतकी झुंबड उडाली, लोक रस्त्यात उभे राहू लागले, शेजारच्या दवाखान्याच्या आवारात शिरू लागले, की २०२४ च्या मे महिन्यात गावाने तिथे अडीच मीटर उंचीची काळी जाळीच लावली. ऑगस्टमध्ये ती उतरवली. क्योतोच्या गिओनमध्येही गेइकोंच्या, म्हणजे तिथल्या गेइशांच्या, मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे खासगी गल्ल्या बंद झाल्या. हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण एका माणसाच्या हव्यासापायी मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या कॅमेऱ्याकडे संशयाने बघितलं जातं. आपण तर इथे परदेशी दिसतो. कोणी हात हलवून नको म्हटलं तर लगेच कॅमेरा खाली करून, मान लववून निघायचं.

दुसऱ्या वर्षी तादामी लाइनला जा. कोरियामापर्यंत शिंकानसेन, पुढे आयझु-वाकामात्सु, आणि तिथून कोइदेपर्यंत १३५ किलोमीटरचा हा डोंगरी मार्ग. २०११ च्या पुरात याचे पूल वाहून गेले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अकरा वर्षांनी तो पूर्ण सुरू झाला. मिशिमा गावाजवळ रस्त्याकडेच्या विसाव्यापासून टेकडी चढलं की पहिला पूल खाली दिसतो, आणि उन्हाळ्यात पहाटे नदीवरून धुकं वर येतं. गाड्या मोजक्याच. पुढच्या टप्प्यात तर दिवसाला जायच्या तीन आणि यायच्या तीन. एक चुकली की अर्धा दिवस गेला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की गाडी ऐकू आली, दिसली नाही. शेजारी उभ्या नागोयाहून आलेल्या काकांची ती सहावी खेप होती. त्यांनी थर्मासमधला चहा पुढे केला आणि आम्ही पुढच्या गाडीची वाट बघत बसलो.

पावसाळी रविवारी एबिसुच्या टोकियो छायाचित्र कला संग्रहालयात जात जा. किमुरा इहेईंसारख्या छायाचित्रकाराने लायका कॅमेरा घेऊन टोकियोच्या गल्ल्यांत, नेहमीच्या माणसांत काय बघितलं ते मूळ छापील प्रतींत बघणं वेगळंच. पडद्यावर ते कळत नाही.

तुम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोचताय. तोवर टोकियोतला साकुरा बहर ओसरत आलेला असेल आणि लोक म्हणतील की तुमचं हुकलं. तसं समजू नका. पहिल्याच शनिवारी सकाळी सहाला मोनझेन-नाकाचोला उतरा आणि ओयोकोच्या पुलावर जा. गळालेल्या पाकळ्या पाण्यावर एकत्र येऊन गुलाबी चटई होते, तिला हाना-इकादा म्हणतात, फुलांचा तराफा. पहिली होडी येईपर्यंत तो अखंड असतो. होडी गेली की मधोमध काळ्या पाण्याची रेघ पडते आणि दोन्ही काठांकडून पाकळ्या सावकाश परत जवळ येतात. मी सात वाजेपर्यंत तिथेच असतो, उत्तरेकडच्या कठड्याला. दिसलो तर हाक मारा.